आत्या वारली नाही तो नाताळ

आमच्या घरात आनंदाचं खातं बाबांकडे होतं. स्वयंपाक, शिस्त, माझी वेणी, रविवारी चर्चला वेळेवर पोचणं, ही सगळी खाती आईची. पण हसायचं कधी, कुणाची नक्कल करायची, दिवे गेले की कोणतं गाणं म्हणायचं, हे बाबा ठरवायचे. त्यामुळे बाबा गेले तेव्हा दुःख कोसळलं ते कोसळलंच, शिवाय एक व्यावहारिक अडचणही उभी राहिली. ते खातं आता कुणी चालवायचं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तेव्हा नववीत होते, एकुलती होते, आणि माझ्या मते ते खातं आता कायमचं बंद झालं होतं.

बाबा म्हणजे शांतवन साळवे, मूळचे नगर जिल्ह्यातले, तांबरमच्या कारशेडमध्ये फिटर. आम्ही तिथल्याच रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचो आणि जवळच्या तमिळ चर्चला जायचो, कारण मराठी चर्च शोधायला गेलं असतं तर सोलापूरची गाडी पकडावी लागली असती. इतकी वर्षं काढूनही बाबांचं तमिळ वांगी विकत घेण्यापलीकडे गेलं नाही. नाताळच्या आधी चर्चची मंडळी घरोघर कॅरल गायला निघायची, त्यात बाबांना तमिळमधून गाता येईना म्हणून त्यांना नाताळबाबा केलं. तिकडे त्याला क्रिसमस ताता म्हणतात, ताता म्हणजे आजोबा. आईने शिवलेला लाल झगा, गुलाबी गालांचा प्लास्टिकचा मुखवटा, कापसाची दाढी, आणि पुढे ढोल. बाकीच्या चर्चचे ताता ढोलावर जसं सुचेल तसं नाचायचे. आमचे बाबा लेझीम खेळायचे. हातात लेझीम नसायची, पण दोन पावलं पुढे, वाकून एक झोका, गिरकी, पुन्हा दोन पावलं मागे, सगळं नगरच्या मिशन शाळेत शिकवायचे तसंच्या तसं. तांबरममधल्या माझ्या पिढीतल्या बऱ्याच मुलांची अशी समजूत होती की बर्फाळ प्रदेशातले लोक असेच नाचतात. अलीकडे तिथल्या एका जुन्या मैत्रिणीने फोनवर तिच्या नातवाचा शाळेतला व्हिडिओ पाठवला. लाल टोपी घालून तो पोरगा चक्क लेझमीचं पाऊल टाकत होता, आणि ते कुठून आलं हे तिलाही सांगता येईना.

बाबा कारशेडमध्येच गेले. डबा खाऊन उठले, खाली बसले, एवढंच झालं. त्यांच्या जागी अनुकंपा म्हणून आईला रेल्वेच्या ऑफिसात फायली पोचवायचं काम मिळालं, पण त्या हुद्द्याला आमचं क्वार्टर बसत नव्हतं. म्हणून आम्ही वेस्ट मांबलममध्ये एक पोर्शन घेतला. मद्रासेत घराच्या भाड्याने दिलेल्या तुकड्याला पोर्शन म्हणतात. आमच्या पोर्शनला पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये पडदा होता. घरमालकीण राव मामी. तंजावरकडचे हे मराठी लोक, कित्येक पिढ्यांपूर्वी खाली आलेले. त्यांची मराठी ऐकली की पोथीच बोलायला लागल्यासारखं वाटायचं. मामींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मांस नको, मासळी नको, अंडें नको. बाकी तुम्ही आमचींच माणसें." आई म्हणाली, "बरं." तो नाताळ केकशिवाय जाणार हे तिथेच ठरलं.

आणि आत्या होती. बाबांची थोरली बहीण, नगरहून मातीला आली ती राहिलीच. तिचं दुःख खरं होतं याबद्दल मला आज शंका नाही, पण ते फार मोठ्या आवाजाचं होतं. पांढरी साडी तिने नेसली ती नेसलीच. आईच्या फिक्या निळ्या साडीकडे बघून ती उसासा टाकायची. कुणी भेटायला आलं की दारातच गळ्यात पडायची. आलेल्या माणसाला मराठी येतं की नाही याच्याशी तिला कर्तव्य नसे. सगळ्यांना शेवटी एकच सांगायची, "मी काही नाताळ बघत नाही. शंता बोलावतोय मला." भाजीवाल्याला हे कळावं म्हणून ती एक बोट स्वतःकडे, एक आभाळाकडे करून मान टाकून दाखवायची. राव मामी त्याचं तमिळ करून गल्लीभर पोचवायच्या. डिसेंबर उजाडेपर्यंत आमची गल्ली आत्याच्या मरणाला मनाने तयार झालेली होती. समोरचे बँकेतून निवृत्त झालेले मामा तर सकाळी पेपर घेता घेता आमच्या पोर्शनकडे बघून हळूच विचारायचे, "पाट्टी आहेत ना?" पाट्टी म्हणजे आजी. मला आत्याचा राग यायचा. आईला रडायला जागाच उरली नव्हती. रडण्याच्या सगळ्या जागा आत्याने आधीच धरून ठेवल्या होत्या.

बाबांच्या आठवणीची प्रार्थनासभा झाली त्या दिवशी पाळकांनी सांगितलं होतं की विश्वासणाऱ्याने दुःखातही आनंद करायचा असतो, तशी आज्ञाच आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जेवायला गेले. आईने मात्र ते मनावर घेतलं. घरी येऊन पातेलं घासता घासता ती म्हणाली, "वन्सं, आज्ञा आहे ना ती? मग आज्ञा काय आपल्याला बरं वाटेल तेव्हा पाळायची?"

"मालते, नवरा जाऊन चार महिने झाले नाहीत अजून," आत्या म्हणाली. "कसला आनंद करतेस?"

"तेच तर कळत नाहीये," आई म्हणाली. "पण एवढी वर्षं मी चर्चमध्ये उभी राहून आनंदाची गाणी म्हटली. तेव्हा सगळं होतं, म्हणायला काय जात होतं? ह्या वर्षी जर गप्प बसले, तर आजवर म्हटलं ते सगळं खोटं ठरेल. मला ते खोटं ठरू द्यायचं नाहीये."

मग आईने आनंदाचा सराव सुरू केला. दुसरा शब्द मला आजही सुचत नाही. ऑफिसातून आली की चहा, मग भांडी, आणि भांड्यांबरोबर एक नाताळचं गाणं. तिचा गळा एरवी बरा होता, पण त्या दिवसांत पहिल्या ओळीनंतर आवाज कुठेतरी अडकायचा आणि मग ती तसाच ओढत पुढे न्यायची. तिसऱ्या संध्याकाळी राव मामी पडद्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. "कोण गातें तें? पोट दुखतें कीं काय?" त्यांच्या हातात ओव्याचं पाणी होतं. आईने ते निमूट पिऊन टाकलं आणि गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत नेलं. मी पुस्तकात डोकं घालून बसले होते. मला हसूही येत होतं आणि आईची इतकी दया येत होती की अक्षरं दिसत नव्हती.

डिसेंबरच्या सुरुवातीला सॅम्युएल अण्णन आले. अण्णन म्हणजे दादा. कॅरलची सगळी व्यवस्था तेच बघायचे. काडीसारखे बारीक, फार सज्जन, आणि नको ती गोष्ट बोलायची वेळ आली की तासभर दुसरंच बोलणारे. ते आले आणि मांबलम स्टेशनच्या गर्दीबद्दल बोलले. मग पाण्याच्या टँकरबद्दल बोलले. कॉफी झाली. मग माझ्या गणिताबद्दल विचारलं, जे कुणीच विचारू नये असं होतं. दुसरी कॉफी झाली. शेवटी आईच म्हणाली, "झगा हवाय ना, अण्णा?"

"अय्यो, अक्का, घाई नाही," ते म्हणाले आणि लगेच, "रविवारपर्यंत मिळाला तर बरं."

"देते. पण ह्या वर्षी कॅरल आमच्याकडे कधी येणार?"

सॅम्युएल अण्णनांनी कप खाली ठेवला. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल तिथे कॅरल जात नाही, हा चर्चचा रिवाज. फार तर चार जण येऊन हळू आवाजात एक गाणं म्हणतात, प्रार्थना करतात, आणि ढोल गल्लीच्या तोंडाशी ठेवून येतात. हे सगळं त्यांनी अतिशय मऊ शब्दांत सांगितलं. आईने ऐकून घेतलं.

"तुम्ही मला वगळताय ते माझ्या भल्यासाठी, हे कळतंय मला," ती म्हणाली. "पण नाताळ काय माझ्या नवऱ्याचा होता का, तो गेला म्हणून बंद व्हायला? ज्याचा आहे तो आहेच की. ढोल येणार असेल, ताता नाचणार असेल, तर झगा मिळेल. नाहीतर झगा पेटीत राहील."

सॅम्युएल अण्णनांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काही करू शकणार होते. मग म्हणाले, "सरि, अक्का," म्हणजे ठीक आहे, आणि तिसरी कॉफी न घेता गेले. आत्या पडद्यामागे होती. तमिळ तिला येत नव्हतं, पण ढोल हा शब्द तिने बरोबर पकडला होता. "माझ्या भावाच्या मयताच्या वर्षी दारात ढोल? मी बघणार नाही. कानात बोटं घालीन, डोळे मिटून बसेन." राव मामी तिच्या बाजूच्या. त्यांच्यातही मरणाच्या वर्षी पंडिगै, म्हणजे सण, करायचा नसतो. दोघी ओट्यावर बसून एकमेकींना पाठिंबा द्यायच्या. "तुमच्या घरीं चुलीवर तेल चढूं नये. लाडू आम्ही पाठवूं," मामी म्हणायच्या. तरी आईने त्यांना ढोलाबद्दल विचारलंच. "पावम," मामी म्हणाल्या, म्हणजे बिचारी, "वाजवा. मी त्या सांजें कचेरीला जाईन." मार्गळी महिन्यात, म्हणजे नाताळच्याच दिवसांत, मद्रासेत संध्याकाळी गाण्याच्या बैठका असतात, त्यांना कचेरी म्हणतात. मामींना नाही म्हणवेना आणि हो म्हणून तिथे थांबवेना, म्हणून त्यांनी गाणं ऐकायला जायचं ठरवलं. गल्लीत मात्र त्यांनी कुणाला एका शब्दाने सांगितलं नाही. त्यांना त्याची लाज वाटत असावी.

शनिवारी आईने झगा धुतला. तो पेटीतून काढल्यावर तिने जरा वेळ तसाच मांडीवर ठेवला. त्याच्या मानेला बाबांच्या घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता, मलाही आला. मी म्हटलं, "नको धुऊस ना." ती म्हणाली, "दुसऱ्या माणसाच्या अंगावर घालायचाय, मळका कसा देऊ?" आणि तिने तो बादलीत बुडवला. पाणी काळं झालं. गच्चीवर तिने तो वाळत घातला, शेजारी दाढीला चिमटा लावला. दुपारी एका कावळ्याने त्या दाढीतला बराचसा कापूस घरट्यासाठी नेला. ह्या वर्षीचा ताता तरुण निघणार, असं आई म्हणाली. पण तिच्या आवाजात काही नव्हतं, ती सरावातच तसं म्हणाली होती. मी झग्याला नाक लावून बघितलं. साबणाचा वास येत होता.

करंज्या मात्र झाल्या. ओल्या नारळाच्या, वेलची घातलेल्या. चुलीवर तेल चढलं तेव्हा आत्या पुढच्या खोलीत तोंड फिरवून बसली, पण सारण कोरडं पडतंय हे तिने तिथूनच ओरडून सांगितलं. ठरल्या संध्याकाळी आईने दोन्ही दारं उघडी टाकली, रांगोळी काढली, आणि नेमके दिवे गेले. सगळी गल्ली काळोखात. आईने पुढच्या खोलीत एक मेणबत्ती लावली आणि आम्ही दोघी मागे बशा भरायला गेलो. आत्याने आपला शब्द पाळला. मेणबत्तीशेजारच्या खुर्चीवर ती ताठ बसली, पांढऱ्या साडीत, पदर डोक्यावरून, हात मांडीवर, डोळे घट्ट मिटलेले. निषेध म्हणून.

आणि कोपऱ्यावर ढोल सुरू झाला.

इथे परगावच्या वाचकाला एक सांगायला हवं. मद्रासेत गल्लीत अचानक ढोल वाजला तर तो बहुतेक वेळा प्रेताचा असतो. पुढे लोक नाचतात, फटाकेही लावतात. आमच्या त्या गल्लीत तोवर कधी कॅरल आलीच नव्हती. काळोखात ढोल ऐकून घराघरातून माणसं बाहेर आली आणि कुणी कुणाला काही विचारण्याची गरजच पडली नाही. महिनोन् महिने ज्याची पूर्वसूचना मिळत होती ते झालं होतं. पाट्टी गेल्या. समोरचे बँकवाले मामा कर्तव्याला फार पक्के. ते तसेच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेले, फुलवाल्याकडून गुलाबाचा भलामोठा हार घेतला, आणि आमच्या उघड्या दारातून आत आले. मेणबत्तीच्या उजेडात आत्या खुर्चीवर बसवलेली. त्यांच्याकडे काही लोकांत प्रेत असं बसवतात. त्यांनी चपला काढल्या, हार तिच्या गळ्यात घातला, आणि पायांपाशी वाकले.

आत्याने डोळे उघडले. "काय पाहिजे?" ती म्हणाली.

मामांनी काढलेला आवाज मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. आम्ही धावत बाहेर आलो तेव्हा ते भिंतीला टेकून खाली बसले होते, दारात निम्मी गल्ली हात जोडून उभी होती, आणि आत्या गळ्यातला हार हातात धरून तो कुठून आला ते बघत होती. तेवढ्यात ढोल फाटकाशी पोचला. पुढे सॅम्युएल अण्णन, बाबांच्या झग्यात, अर्धी दाढी गेलेला मुखवटा लावून. त्यांनी हात जोडलेली माणसं बघितली, मेणबत्तीशेजारी खुर्चीवर हार घातलेली आत्या लांबूनच बघितली, आणि हात वर केला. ढोल थांबला.

"अक्का," मुखवट्यातून त्यांचा आवाज आला, "आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही जातो."

आईच्या हातात करंज्यांचं ताट होतं. मी तिच्याकडे बघितलं. एवढा सराव केला, झगा धुतला, मामींना विचारलं, आणि ढोल दारात येऊन थांबला होता. तिचा चेहरा बघून मला वाटलं, संपलं. आता ही पुन्हा कधी गाणार नाही.

मग आत्या उठली. ती सॅम्युएल अण्णनांकडे बघत होती, मुखवट्याकडे नाही, झग्याकडे. दारापर्यंत गेली आणि तिने त्याची बाही चिमटीत धरली. "शंताचा आहे ना हा?" तिने आईला विचारलं. आईने मान हलवली. आत्या सॅम्युएल अण्णनांना मराठीत म्हणाली, "मग उभा काय राहिलास, बाबा? नाच की."

त्यांना शब्द कळले नाहीत, पण आत्याचा हात ढोलाकडे गेला तो कळला. ढोल सुरू झाला. ते बिचारे थरथरत चार उड्या मारायला लागले. आत्याने जरा वेळ बघितलं. "असं नाही रे," ती म्हणाली, "त्याला मीच शिकवलंय." आणि तिने पदर खोचला. दोन पावलं पुढे, वाकून झोका, गिरकी. गुडघे दुखतात म्हणून तीन महिने कण्हत बसलेली बाई, पांढऱ्या साडीत, स्वतःच्या मयताचा हार गळ्यात घालून लेझीम खेळत होती. शेजारी ताता तिचं बघून पाय टाकत होता. नेमक्या त्याच वेळी राव मामी कचेरीहून परतल्या. फाटकातली गर्दी आणि हार एवढंच त्यांना लांबून दिसलं होतं. त्या कपाळावर हात मारत, "पावम, गेली कीं हो, बेस माणूस होतें," असं म्हणत गर्दीतून पुढे घुसल्या, आणि आत्याने गिरकी घेऊन त्यांचाच हात धरला.

आई ताट घेऊन पायरीवर खाली बसली. तिचे खांदे हलत होते. मी घाबरून तिच्याजवळ गेले तर ती हसत होती, तोंड उघडं टाकून, आवाज न करता, मग आवाज करून. तिला श्वास घेता येईना. बाबा गेल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिथेच मोठ्याने रडायला लागले. कॅरलवाल्यांनी गाणं उचललं, आणि आई त्यात शिरली. ती बेसूर होती, मध्येच हसत होती, पण तिचा आवाज कुठे अडकला नाही. बँकवाल्या मामांना कुणीतरी पाणी दिलं, करंजी दिली. ते आत्याची फार माफी मागत होते आणि आत्या हार काढून द्यायला तयार नव्हती. "माझ्यासाठी आणलाय," ती म्हणाली. पुढे ती वीसेक वर्षं जगली आणि नगरमध्ये येईल त्याला सांगायची की मी माझ्या मयताला नाचून आलेय.

दिवे आले, मंडळी गेली, आणि आम्ही तिघी जेवायला बसलो. आत्याने हार काढून ताटाशेजारी ठेवला होता. आई भात वाढता वाढता थांबली. "वन्सं, महिनाभर मी घासून पुसून आनंद आणायला बघत होते. माझ्या हाताला काही तो लागला नाही. आज आला तो त्याचा तो आला, देवाने पाठवला तसा. माझं काम म्हणाल तर एवढंच, दार उघडं ठेवलं होतं."

"दार उघडं होतं म्हणूनच तो मेला हार घेऊन आत शिरला," आत्या म्हणाली.

आई हसायला लागली, आत्याही, आणि हसता हसता दोघी कधी रडायला लागल्या ते कळलं नाही. आत्याचं हे रडणं मी पूर्वी ऐकलेलं नव्हतं, त्याला आवाजच नव्हता. आईने डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. चार महिने आम्ही तिघी एकाच छपराखाली तीन कोपऱ्यांत रडत होतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा एकत्र बसून बाबांसाठी रडलो, उष्ट्या हातांनी, आणि मध्येच आत्याने डोळे पुसून आणखी एक करंजी मागितली.